प्लेटलेट ८ म्हणजे किती? हेल्थकेअरवाल्यांनी कोडिंग शिकताना सुरुवात कुठून करायची

एका शीटमधे प्लेटलेटचा कॉलम आहे. पहिल्या ओळीत १.५ लिहिलंय, दुसऱ्या ओळीत १५०, तिसऱ्या ओळीत १५००००. लॅबमधे काम केलेलं माणूस बघताक्षणी सांगेल की तिघांच्याही प्लेटलेट दीड लाखच आहेत, एकाने लाखात लिहिलंय, दुसऱ्याने मशीनवर दिसतो तसा हजारातला आकडा उतरवलाय आणि तिसऱ्याने सगळी शून्यं टाकलीत. कॉम्प्युटरला मात्र हे तीन वेगळे आकडे दिसतात आणि त्याला सरासरी काढ म्हटलं तर तो शांतपणे ५००५०.५ असं उत्तर देऊन मोकळा होतो. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. आणि पन्नास हजार प्लेटलेट म्हणजे डेंग्यूच्या सीझनला घरचे सगळे काळजीत पडतील असा आकडा.

मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून सहा वर्षं लॅबमधे काम केलं आणि मग हळूहळू डेटाच्या कामात आले, त्यामुळे मला कायम विचारतात की माझं बीएएमएस झालंय, माझं बी फार्म झालंय, मी स्टाफ नर्स आहे, बारावीला बायो ग्रुप होता आणि गणित कच्चं आहे, मला कोडिंग जमेल का. हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सचा कोर्स लावायचाय पण त्यात प्रोग्रॅमिंग आहे म्हणून भीती वाटते. त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय, कारण मला मनापासून वाटतं की यातला अवघड अर्धा भाग तुम्हाला आधीच येतो आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

वरचा प्लेटलेटचा कॉलमच घ्या. समजा इंजिनियर झालेल्या मुलाला तो साफ करायला दिला. तो हुशार आहे, पाच मिनिटांत नियम लिहील की आकडा २० च्या आत असेल तर तो लाखात आहे म्हणून लाखाने गुण, २० ते १००० असेल तर हजाराने गुण, त्याच्या वर असेल तर आहे तसा ठेव. चालवून बघितलं तर शंभरातले बहुतेक आकडे बरोबर बसतात. आता एका ओळीत ८ आहे. नियमाप्रमाणे झाले ८ लाख, म्हणजे नॉर्मलच्या (दीड ते साडेचार लाख) बऱ्याच वर. पण तो डेंग्यूचा पेशंट असला आणि मशीनने हजारात ८ दिलं असलं तर त्या ८ हजार आहेत, म्हणजे हा पेशंट त्या सगळ्या यादीतला सगळ्यात गंभीर माणूस आहे आणि आपल्या कोडने त्याला ८ लाखाचा करून टाकलाय. शंभरातल्या नव्व्याण्णव ओळी बरोबर आणि चुकलेली एक ओळ नेमकी त्याची, ज्याच्यासाठी ही यादी काढली होती.

हे कुठल्याही प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात मिळत नाही. हे ज्याने सीबीसी (रक्तपेशी मोजायची टेस्ट) लावलेत त्याला कळतं. तुम्हाला ८ बघून थबकायला होतं ना, तीच खरी कमाई आहे, कोड लिहिणं त्याच्या मागून येतं आणि ते शिकता येतं. बरोबर उत्तर काय, तर अंदाज करायचाच नाही. युनिटचा वेगळा कॉलम मागायचा, नसेल तर तो रिपोर्ट कोणत्या मशीनचा, कोणत्या तारखेचा हे बघायचं, आणि तरी कळलं नाही तर ती ओळ बाजूला काढून माणसाला दाखवायची. कोडमधे ते असं लिहायचं की २० च्या आतला आकडा आणि युनिट रिकामं, तर 'तपासा' अशी खूण कर. तेवढंच. पण ते लिहायला आधी ते सुचायला लागतं.

आता इन्फॉर्मॅटिक्स म्हणजे काय हे थोडक्यात सांगते. पेशंटची माहिती जमा करणं, ती नीट साठवणं, योग्य माणसाला योग्य वेळी दिसेल अशी करणं आणि तिच्यातून काहीतरी शिकणं, हे सगळं कॉम्प्युटरच्या मदतीने करण्याचं शास्त्र. हॉस्पिटलच्या बाजूने बघितलं तर केसपेपर, लॅब, फार्मसी, बिलिंग. गावाच्या बाजूने बघितलं तर लसीकरण, टीबीच्या नोंदी, साथीचे आकडे. आणि पेशीच्या आतून बघितलं तर जीन, प्रोटीन, ज्याला बायोइन्फॉर्मॅटिक्स म्हणतात. तिन्हीकडे डेटाचा आकार वेगळा असतो पण शिकायची सुरुवात सारखीच असते.

हे नवीन खूळ आहे असंही नाही. १९६६-६७ च्या सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधे मम्प्स नावाची प्रोग्रॅमिंगची भाषाच तयार झाली, खास हॉस्पिटलच्या नोंदींसाठी, आणि आजही अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरच्या तळाशी तिचीच पुढची पिढी चालतेय. म्हणजे हॉस्पिटल आणि कोडिंग यांची ओळख साठ वर्षं जुनी आहे. (गालगुंडाचं इंग्रजी नाव तेच आहे, तो योगायोग, इंग्रजीतल्या लांबलचक नावाची आद्याक्षरं आहेत ती.)

कोणती भाषा शिकायची यावर लोक फार भांडतात. माझं मत सरळ आहे, हॉस्पिटलच्या डेटाशी काम करायचं असेल तर आधी एसक्यूएल, मग पायथन. एसक्यूएल, म्हणजे तक्त्यांमधून माहिती मागायची भाषा, कारण हॉस्पिटलचा डेटा बहुतेक ठिकाणी तक्त्यांमधे बसलेला असतो, पेशंटचा एक तक्ता, व्हिजिटचा एक, रिपोर्टचा एक, औषधांचा एक, आणि ते एकमेकांना पेशंटच्या नंबरने जोडलेले असतात. एसक्यूएलमधे तुम्ही फक्त काय हवंय ते सांगता, रिपोर्टच्या तक्त्यातून नंबर आणि प्लेटलेट दे, जिथे प्लेटलेट ५०००० च्या आत आहेत तेवढेच दे, तारखेप्रमाणे लाव. दोन-तीन आठवड्यांत यातलं रोजच्या कामापुरतं येऊन जातं. पायथन १९९१ साली गिडो व्हॅन रॉसम यांनी आणली, वाचायला सोपी आहे आणि तिच्यात पांडाज नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे जी म्हणजे जणू कितीही मोठं आणि न कंटाळणारं एक्सेल. आणि आर ही न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी केलेली भाषा, संशोधनाचे पेपर लिहिणाऱ्यांची आवडती. तुमच्या गाइडला आर येत असेल तर खुशाल आर शिका, अडलात की विचारायला जवळ माणूस असणं हे भाषेपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

भीती वाटते ती लूप, फंक्शन वगैरे शब्दांची, तर ते लॅबच्या भाषेत सांगते. रॅकमधे चाळीस ट्यूब आहेत, एक उचलायची, लेबल वाचायचं, मशीनला लावायची, ठेवायची, पुढची उचलायची, रॅक संपेपर्यंत. झाला लूप. त्यात एखाद्याचं पोटॅशियम ६.५ आलं तर काम थांबवून आधी वॉर्डला फोन लावायचा, क्रिटिकल व्हॅल्यू म्हणून, ही झाली इफ कंडिशन. रॅकमधल्या खाचेचा नंबर म्हणजे व्हेरिएबल, नंबर तोच राहतो, तिथे कोणाची ट्यूब आहे ते बदलतं. आणि भिंतीवर लावलेली एसओपी (काम करायची ठरलेली पद्धत) म्हणजे फंक्शन, एकदा नीट लिहून ठेवली की रात्रपाळीचा मुलगा पण तसंच करणार, पुन्हा पुन्हा सांगायला नको. हे चार-पाच प्रकार सोडले तर नव्वद टक्के कोडमधे दुसरं काही नसतं, यांचीच वेगवेगळी रचना असते.

आणि एक गोष्ट जी आपल्याला इंजिनियर मुलांपेक्षा जास्त अंगवळणी पडलेली असते. सकाळी कंट्रोल लावल्याशिवाय आपण पेशंटचं सॅम्पल लावतो का? नाही लावत. ज्याचं उत्तर आधीच माहिती आहे ते सॅम्पल आधी चालवतो, ते रेंजमधे आलं तरच पुढे. कोडचंही तसंच करायचं. पाच खोट्या ओळी हाताने बनवायच्या, त्यात एक ८ वाली, एक रिकामी, एक उलट्या तारखेची, प्रत्येकीचं उत्तर वहीत लिहून ठेवायचं आणि कोड बदलला की आधी त्या पाच चालवून बघायच्या. सॉफ्टवेअरवाले याला टेस्ट लिहिणं म्हणतात आणि बऱ्याच जणांना त्याचा कंटाळा असतो. आपल्याला नसावा, आपण क्यूसीचा (रोजच्या कंट्रोलच्या आकड्यांचा) चार्ट भरत मोठे झालोय.

आता सरावाला डेटा कुठून आणायचा. जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या हातात सुरुवातीला एकच फाइल पडते, पिमा इंडियन्स डायबेटिस नावाची. ७६८ बायकांच्या नोंदी, प्रत्येकीचं वय, बीएमआय, ग्लुकोज, ब्लडप्रेशर, इन्सुलिन वगैरे आठ गोष्टी, आणि शेवटी डायबेटिस झाला का नाही, त्यात २६८ जणींना झालेला. व्हिडिओमधे शिकवणारे पाच ओळींत मॉडेल (डेटावरून अंदाज बांधणारा प्रोग्रॅम) बनवून दाखवतात आणि इतके टक्के अचूकता आली म्हणून पुढे जातात. तुम्ही तसं करू नका, फाइल उघडून नुसती वाचा. ३५ बायकांचं ब्लडप्रेशर शून्य आहे. ११ जणींचा बीएमआय शून्य. ३७४ जणींचं इन्सुलिन शून्य, म्हणजे जवळजवळ निम्म्या. ब्लडप्रेशर शून्य असलेली बाई क्लिनिकमधे चालत येऊन वजन करून जाते का? उघड आहे की तिथे मोजमाप झालंच नव्हतं आणि रिकाम्या जागी शून्य बसलं. इन्सुलिनची सरासरी त्या शून्यांसकट काढली तर ७९.८ येते आणि शून्यं रिकामी धरून काढली तर १५५.५, जवळजवळ दुप्पट. हे ओळखायला गणित लागलं नाही, बीपी मोजलेलं असणं पुरलं. 'नाही' आणि 'शून्य' यातला फरक हा हेल्थ डेटातला पहिला धडा आहे असं मी मानते आणि मी कोणालाही शिकवताना इथे पूर्ण एक दिवस घालवते.

आणि त्या ७६८ ओळी कोणाच्या आहेत तेही माहिती असावं असं मला वाटतं. अमेरिकेत अॅरिझोनामधे गिला नदीच्या काठी राहणारे हे लोक, स्वतःला अकिमेल ओऑडम म्हणवतात, म्हणजे नदीची माणसं. पिढ्यान्पिढ्या कालव्याच्या पाण्यावर शेती करणारे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या अंगाला गोऱ्या वसाहतवाल्यांनी नदीचं पाणी वळवलं, शेती बुडाली, खाणं बदललं, पुढे त्यांच्यात डायबेटिसचं प्रमाण प्रचंड वाढलं आणि १९६५ पासून सरकारी संशोधक तिथे त्याचा अभ्यास करत होते. आपण ज्या फाइलवर सराव करतो ती अशी आलेली आहे. कॉलमच्या मागे माणसं आहेत हे मी म्हणते तेव्हा मला असं काहीतरी म्हणायचं असतं.

थोडं पुढे गेलात की मिमिक नावाचा डेटा भेटतो, बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस हॉस्पिटलच्या आयसीयूचा, एमआयटीने तयार केलेला. तो मिळवायला आधी संशोधनातल्या नीतिनियमांचा छोटा ऑनलाइन कोर्स करावा लागतो आणि करारावर सही करावी लागते, शंभर पेशंटचा नमुना मात्र मोकळा आहे. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत वय काढायला गेलात की काही पेशंट तीनशे वर्षांचे निघतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझाच कोड चुकला म्हणून अख्खी संध्याकाळ घालवली, पण कोड बरोबर होता. ८९ च्या वरच्या माणसांची संख्या कमी असते, त्यांना वयावरून ओळखता येऊ शकतं, म्हणून त्यांच्या जन्मतारखा मुद्दाम इतक्या मागे सरकवल्यात, आणि सगळ्याच पेशंटच्या तारखा पुढच्या शतकात ढकलल्यात. हे सगळं सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. डेटाच्या आधी त्याचं माहितीपत्रक वाचायचं, किटमधलं लीफलेट वाचतो तसंच.

आपल्याकडचा डेटा घेतला तर वयाची वेगळीच गंमत असते. कोणत्याही जुन्या रजिस्टरमधल्या जन्मतारखा दिवसाप्रमाणे मोजा, १ जूनला असा उंच खांब दिसेल की बाहेरच्या माणसाला वाटेल मे-जूनमधे काहीतरी चमत्कार होतो. आपल्याला माहिती आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख टाकली, घरात कोणाला नक्की आठवत नव्हती. तसंच वय विचारलं की पन्नास, साठ, पासष्ट. बीपी लिहिताना १२०/८०, १३०/८०, शेवटचा आकडा कायम शून्य. हे आकडे खोटे नाहीत पण तितके बारीकही नाहीत आणि वयाच्या एकेका वर्षावर काही निष्कर्ष काढायला निघालेल्या कोडला हे कळत नाही.

मग नावं. पेशंट मार्चमधे आली तेव्हा माहेरचं आडनाव, ऑक्टोबरमधे आली तेव्हा सासरचं, मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं. एंट्री इंग्रजीत झालेली, त्यात वानखेडे एकाने डब्ल्यूने लिहिलं दुसऱ्याने व्हीने, सुनीतामधे कोणी आय टाकला कोणी दोन ई. कॉम्प्युटरच्या लेखी या वेगवेगळ्या बायका, त्यामुळे जुना रिपोर्ट निघत नाही आणि पुन्हा रक्त काढलं जातं. दोन नावं किती जवळची आहेत हे मोजायच्या पद्धती आहेत, एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजणारी लेव्हेन्श्टाइनची पद्धत १९६५ ची, आणि उच्चारावरून कोड बनवणारी साउंडेक्स तर त्याच्याही कितीतरी आधीची. पण साउंडेक्स पहिलं अक्षर आहे तसं ठेवते, म्हणजे डब्ल्यूचे वानखेडे आणि व्हीचे वानखेडे तिच्यासाठी वेगळेच राहतात, ती इंग्रजी आडनावांसाठी बनलेली आहे. आपल्या नावांसाठी नियम आपणच लिहायला हवेत, आणि ते लिहायला आपल्या गावची नावं कानावर पडलेलं माणूस लागतं. सरकारचा १४ अंकी आभा नंबर (आरोग्य नोंदींचा नंबर) याच साठी आहे, एक माणूस एक नंबर. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालं, तरी जुन्या नोंदी जोडायचं काम पुष्कळ शिल्लक आहे.

नावांसारखाच गोंधळ आजारांचा आणि टेस्टचा. एक डॉक्टर डीएम लिहितात, दुसरे टी टू डीएम, तिसरे नुसतं शुगर. म्हणून जगाने कोड ठरवलेत. आजारासाठी आयसीडी, त्याच्या दहाव्या आवृत्तीत टाइप २ डायबेटिस म्हणजे ई११, ब्लडप्रेशर आय१०. लॅबच्या टेस्टसाठी लॉइंक, इंडियानापोलिसच्या रिजेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ मधे सुरू केलेलं, त्यात हिमोग्लोबिन ७१८-७ आणि आपल्या प्लेटलेट ७७७-३. आणि सगळ्या बारीकसारीक वैद्यकीय शब्दांसाठी स्नोमेड सीटी. स्नोमेड भारतात वापरायला फुकट आहे आणि त्याचं देशातलं केंद्र आपल्या पुण्यात सीडॅक या सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्थेत आहे, हे आपल्याकडच्या फार थोड्या विद्यार्थ्यांना माहिती असतं. एका हॉस्पिटलच्या सिस्टिममधून दुसऱ्या सिस्टिममधे माहिती पाठवायचा जो ठरलेला साचा, त्याला फायर म्हणतात, एचएल सेव्हन या संस्थेचा, आणि आपल्या डिजिटल मिशननेही तोच घेतलाय. फायरमधला रिपोर्ट उघडून बघा, त्यात आकडा एकटा जात नाही, सोबत टेस्टचा कोड जातो, आणि युनिटला, तारखेला, पेशंटच्या नंबरला ठरलेली जागा असते. म्हणजे त्या जागा नीट भरल्या की ८ कशाचे आठ, हा प्रश्न उरतच नाही. इतकी वर्षं हाताने भांडल्यावर मला तो साचा बघून खरंच बरं वाटलं होतं.

युनिटवरून आठवलं, लंडनला असलेला नातेवाईक फोनवर सांगतो माझी उपाशीपोटीची शुगर सात आली आणि इथे आजीला वाटतं अगं बाई सातच, माणूस शुद्धीवर कसा. तिकडे मिलीमोलमधे मोजतात, १८ ने गुणलं की आपले १२६, जिथून डायबेटिस धरतात तोच आकडा.

एक्सेल सोडून कोडिंग कशाला, हे तर मला रोज विचारतात. एक्सेल वाईट नाही, मी रोज वापरते, पण ते न विचारता मदत करतं. मानवी जीन्सची मार्च१, सेप्ट२ अशी नावं होती, एक्सेलला वाटलं १ मार्च आणि २ सप्टेंबर आणि त्याने परस्पर तारखा करून टाकल्या, आणि हे इतक्या संशोधनांत घुसलं की शेवटी २०२० मधे जीन्सना नावं देणाऱ्या समितीने जीन्सचीच नावं बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ आणि सेप्ट२ चं सेप्टिन२. त्याच वर्षी इंग्लंडमधे २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरच्या १५८४१ कोविड पॉझिटिव्ह लोकांची नोंद वेळेवर आकडेवारीत आलीच नाही, कारण मधे एक्सेलचा जुना फॉरमॅट वापरला होता आणि त्यात ६५५३६ ओळींच्या पुढे जागा नसते. संपर्कातल्या माणसांना कळवायला त्यामुळे उशीर झाला. कोडमधे पण चुका होतात, पण कोड म्हणजे लिहून ठेवलेली पद्धत आहे, दुसरा माणूस ती वाचू शकतो, आपण काय केलं ते सहा महिन्यांनी सांगता येतं. एक्सेलमधे माउसने काय ओढलं ते कोणाला आठवतं.

जीनचा विषय निघालाच आहे तर बायोइन्फॉर्मॅटिक्सवाल्यांसाठी एक छान सुरुवात सांगते. कोविडच्या विषाणूचा अख्खा जीनोम २९९०३ अक्षरांचा आहे, फुकट डाउनलोड होतो, साधी टेक्स्ट फाइल असते. त्यात ए, टी, जी, सी किती वेळा आलेत ते मोजणारा प्रोग्रॅम पायथनमधे चार ओळींचा. ज्या गोष्टीने दोन वर्षं जग घरात बसवलं ती एका छोट्या फाइलमधे मावते हे स्वतःच्या स्क्रीनवर बघणं वेगळंच असतं.

गोपनीयतेवर थोडं कडक बोलते, कारण शिकायच्या भरात सगळ्यात जास्त चूक इथे होते. आपल्या हॉस्पिटलची शीट पेनड्राइव्हवर घरी आणायची नाही, सरावाला नाही, नावं काढून नाही, एआयला विचारायचंय म्हणून चॅटमधे चिकटवायची तर अजिबात नाही. नाव काढलं की झालं असं वाटतं पण तसं नसतं. १९९७ च्या सुमारास लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने अमेरिकेत नावं काढून दिलेल्या हॉस्पिटलच्या नोंदींमधून चक्क मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली, फक्त जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड वीस डॉलरला मिळणाऱ्या मतदार यादीशी जुळवून. मग आपल्या दोन-तीन हजार वस्तीच्या गावात वय, जात, आजार आणि गावाचं नाव असलं की कोण ते चहाच्या टपरीवरचा माणूस सांगेल. आणि टीबी, एचआयव्ही, गर्भपात या नोंदी बाहेर गेल्या तर कोणाचं लग्न मोडतं, कोणाचं काम जातं. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आलाय ते बरंच आहे, पण कायद्याआधीही पेशंटने आपल्यावर विश्वास टाकून हात पुढे केलेला असतो.

मॉडेल, एआय वगैरेकडे लगेच धावू नका हेही सांगायचंय, पण कारणासकट. २०१९ मधे सायन्स या नियतकालिकात झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता. अमेरिकेत जास्त काळजीची गरज असलेले पेशंट निवडायला एक अल्गोरिदम वापरात होता आणि तो कृष्णवर्णीय पेशंटना मागे टाकत होता. त्यात वंशाचा कॉलमच नव्हता. झालं असं की 'कोण जास्त आजारी' हे मोजायचं सोडून 'कोणावर जास्त खर्च होणार' हे मोजलं होतं, आणि ज्यांच्यापर्यंत उपचार पोचतच नाहीत त्यांच्यावर खर्च कमी दिसणारच. गणित बरोबर, कोड बरोबर, पण प्रश्नाच्या जागी दुसराच कॉलम ठेवलेला. आपल्याकडे कोणी हॉस्पिटलच्या डेटावरून ठरवलं की अमुक पाड्यावर आजार कमी आहेत, तर तिथली एसटी दिवसातून कितीदा येते हे विचारणारं माणूस त्या टेबलावर हवं. ते माणूस तुम्ही असू शकता.

रोज किती वेळ द्यायचा? नोकरी सांभाळून रोज पाऊण तास धरा. पहिला महिना नुसतं एसक्यूएल, पुढचे दोन पायथन आणि त्यात मॉडेल नाही, फक्त फाइल उघडणं, मोजणं, साफ करणं, एक आलेख काढणं. हल्ली एआयकडून कोड लिहून घेता येतो, जरूर घ्या, मी पण घेते, फक्त प्रत्येक ओळ काय करते ते त्यालाच विचारा आणि मग आपले कंट्रोल चालवून बघा, कारण प्लेटलेटचा तो २० चा नियम एआय पण तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देतो. एरर आली की घाबरू नका, शेवटची ओळ आधी वाचा, बहुतेक वेळा कारण तिथेच लिहिलेलं असतं. जी चूक एरर न देता निघून जाते ती जास्त धोक्याची.

आणि पहिला प्रोजेक्ट म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, घरातल्या मोठ्या माणसाचे जुने रिपोर्ट काढा, त्यांना विचारून. कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत असतातच. मी माझ्या आईचे घेतले होते, सात वर्षांचे, पाच वेगवेगळ्या लॅबचे. या लेखात जे जे सांगितलं ते सगळं त्या एका पिशवीत भेटलं, तारखा दोन पद्धतीच्या, एका लॅबने नावात वडिलांचं नाव घातलेलं, प्लेटलेट कुठे लाखात कुठे हजारात, टीएसएचच्या (थायरॉइडच्या टेस्टच्या) जागी आकड्याऐवजी 'पेक्षा कमी' ची खूण, ज्यामुळे अख्खा कॉलमच कॉम्प्युटरने अक्षरं समजून घेतला. हाताने एकोणीस ओळी भरल्या, दोन रविवार गेले, आणि मग हिमोग्लोबिनची एक रेघ काढली. १२.४, १२.१, ११.७, ११.२, १०.६, अशी ती हळूहळू खाली येत होती. दर वेळी रिपोर्ट बघून कोणीतरी म्हणालं होतं की थोडंसं कमी आहे, बायकांचं असतं, पालक-गूळ खा. ते म्हणणारी कधीकधी मीच होते, लॅबमधे काम करत असून. सुटे सुटे कागद बघितले तर प्रत्येक आकडा जरासाच कमी होता, एका रेघेत ठेवल्यावर तो उतार होता. तो आलेख प्रिंट करून डॉक्टरांकडे नेला, त्यांनी पुढच्या तपासण्या सांगितल्या, लोह कमी निघालं आणि ते का कमी होतंय ते पोटाच्या तपासणीत कळलं, वेळेत उपचार झाले. आई आता बरी आहे. मागच्या महिन्यात ११.९ आलं, संध्याकाळी फाइल उघडून विसावी ओळ भरली, आणि युनिटच्या कॉलममधे युनिट लिहिलं.